डाव्या दाराचा पोचा

मार्गशीर्षातली पाचगणी. धुक्यानं भरलेली, धुक्यानं भिजलेली, धुक्यातच हरवलेली. सिल्व्हर ओकच्या रुपेरी रांगा सकाळी दिसतच नाहीत, नुसती त्यांची पानं ठिबकताना ऐकू येतात. टेबललँडच्या काळ्या कड्यावर ऊन उशिरा उतरतं, आणि उतरलं तरी त्यात ऊब नसते. खाली कृष्णेचं खोरं शुभ्र, निश्चल, निःशब्द पडून असतं. अशा गावातल्या माणसाला न दिसण्याची थोडीफार सवय असते म्हणतात. हैबती सपकाळांना ती कधी झाली नाही.

चाळीस वर्षं त्यांनी पसरणीच्या घाटात टॅक्सी चढवली आणि उतरवली. एकच माणूस, एकच घाट, एकच अँबॅसिडर. वळणामागून वळण, दरीमागून दरी, पावसाळ्यामागून पावसाळा. मग काचबिंदू आला. त्यानं आधी जगाच्या कडा कुरतडल्या, मग रस्ता, मग माणसांचे चेहरे. आणि सहा वर्षांपूर्वी उरलासुरला उजेडही मावळला. गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. टायर बसले, क्रोमवर गंज चढला, दुधी रंगाचे पोपडे सुटले.

पण रोज सकाळी, चहाआधी, हैबतीआबा काठी भिंतीला टेकवून शेडमध्ये शिरत. बॉनेटवर तळवा ठेवत आणि गाडीला सावकाश एक फेरी घालत. बोटं पुढं, पावलं मागं. पत्र्यावरचा प्रत्येक पोचा त्यांना ठाऊक होता. हा बैलाच्या शिंगाचा. हा दरडीतून निसटलेल्या धोंड्याचा. हा कुणा नवख्या ड्रायव्हरच्या घाईचा. सगळ्यांवरून बोटं वाहत जात, आणि डाव्या मागच्या दारापाशी येऊन थांबत. हँडलखाली चार बोटांवर एक पोचा होता. वाटीएवढा, खोल, एका कडेला दुमडलेला. तिथं हात बराच वेळ राही. पोहे निवून जात, लेक दोनदा हाक मारी, तरी हात तिथंच.

तो पोचा सगुणाचा होता. त्यांच्या बायकोचा.

कितीतरी वर्षांपूर्वीची गोष्ट. असाच मार्गशीर्ष, असंच धुकं. मेढ्याहून निरोप आला की सगुणाची आई अत्यवस्थ आहे, लेकीचं नाव घेते आहे. दारात मुंबईची पार्टी उभी होती. त्यांना सूर्यास्त बघायचा होता. हैबती म्हणाले, संध्याकाळी नेतो. त्यांनी परक्यांना सूर्यास्त दाखवला. लाल, केशरी, जांभळा, डोळ्यांत न मावणारा सूर्यास्त. परत आले तेव्हा मेढ्यात सगळं संपलं होतं. सगुणा पाण्यानं भरलेला तांब्याचा तांब्या घेऊन अंगणात आली, रोज यायची तशी. आणि तिनं तो भरला तांब्या उचलून गाडीच्या दारावर हाणला. एक शब्द नाही. मग वाकून तो उचलला, आत जाऊन पुन्हा भरला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

त्यानंतर संसार झाला, चांगला झाला, तीसेक वर्षं झाला. त्या संध्याकाळबद्दल ती बोलली नाही, हैबतीही बोलले नाहीत. गाडीला दोनदा रंग दिला; तो पोचा मात्र त्यांनी ठोकून काढू दिला नाही. माफी मागायची राहून गेली, आणि अकरा वर्षांपूर्वी ऐन श्रावणात सगुणाच गेली. डोळे गेल्यावर तर तिचा चेहराही पुसट व्हायला लागला. नथ आठवे, नाक आठवेना. कुंकू आठवे, कपाळ आठवेना. पण बोटं त्या खोलगटात टेकली की ती येई. सबंध येई. ओल्या हातांची, धुमसत्या डोळ्यांची, जिवंत. आंधळ्या माणसाची सारी इस्टेट ती एवढी होती, आणि ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. बायकोच्या मायेची गोष्ट सांगता येते. तिच्या रागाची, आणि तोही रास्त असलेल्या रागाची, कशी सांगायची?

लेक वैजयंता. घरात वैजू. सेहेचाळीस वर्षांची, सासर केव्हाच सोडून आलेली, पाचगणीतल्याच एका बोर्डिंग शाळेत प्रयोगशाळा-सहायक. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला रोज बाप गाडीवरून हात फिरवताना दिसे. तिला वाटलं, आबांना रस्ता आठवतो. घाट आठवतो. इंजिनाचा आवाज ऐकला की त्यांच्यात पुन्हा जीव येईल. चूक झाली ती इथंच. आणि इतकी मायेची चूक की तिला चूक म्हणताना जीभ अडखळते.

गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत तिनं गाडी दुरुस्त करायला घेतली. आयुष्यात स्कूटरचा प्लगसुद्धा काढला नव्हता बाईनं. पण नवशिक्याचा उत्साह तो. त्याला ब्रेक कुठला. मोबाइलवर कुठल्या कुठल्या मेस्त्रींचे व्हिडिओ लावून ती बॉनेटमध्ये डोकं घालून उभी राही. पहिल्याच दिवशी चुकीचा नट सोडला आणि काळंकुट्ट ऑइल साडीभर झालं. पण हात प्रयोगशाळेतला. प्रत्येक नट काचेच्या बरणीत, प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीची वहीत नोंद. कार्बोरेटर तिनं परीक्षानळीच्या ब्रशानं धुतला, आणि उन्हाळाभर खपून त्या मृत लोखंडाला पुन्हा श्वास घ्यायला लावायच्या बेताला आणलं.

पावसाळा सरल्यावर तिनं पत्रा हाती घेतला. आधी मोजणी. खडूनं प्रत्येक पोच्याभोवती वर्तुळ, वर्तुळाला आकडा, वहीत तीन रकाने: जागा, आकार, कारण. सत्तावीस भरले. कारणं ती बापाला विचारी, आणि हैबतीआबा खुलून सांगत. बैलाचं सांगितलं, धोंड्याचं सांगितलं, नवख्या ड्रायव्हरचं तर चांगलं रंगवून सांगितलं. एकोणिसाव्यापाशी, डाव्या मागच्या दारापाशी, ते गप्प झाले. मग म्हणाले, काहीतरी लागलं असेल. वैजूनं वहीत लिहिलं, कारण अज्ञात. का विचारतेस, हे त्यांनी विचारलं नाही. का गप्प झालात, हे तिनं विचारलं नाही. दोघंही सपकाळच.

मग घासणं सुरू झालं. धुरळ्यानं आबांचा दमा उसळला, तेव्हा तिनं त्यांना शेडबंदी केली. मफलर गुंडाळून ते ओट्यावर बसत. ऊन अंगावर येई, सरके, निघून जाई. शेडमधून काचकागदाचा आवाज येत राही. खर्र, खर्र, खर्र. त्यांना वाटे, पोरगी गंज काढते आहे. ती काय करते आहे हे तिनं मुद्दामच सांगितलं नव्हतं, आबांना एकदम दाखवायचं होतं तिला. ‘दाखवायचं’ हाच शब्द तिच्या मनात होता.

एकोणिसावा पोचा सगळ्यात हट्टी निघाला. आतून ठोकला, बाहेरून ओढला, तरी तळाशी उरलाच. तिनं त्यावर लांबी, खड्डे बुजवायची ती पांढरी पुटी, भरली. वाळू दिली, घासली. पुन्हा भरली, पुन्हा घासली. तिसऱ्यांदा भरली. ओला काचकागद, हलका हात, गोल, गोल, गोल. आईचा राग लेकीनं असा मन लावून, जीव ओतून, मऊ मऊ घासून नाहीसा केला. मग डोळे मिटून तिनं तळवा फिरवला, आबा फिरवतात तसा. काही लागलं नाही. तिला फार आनंद झाला. ओट्यावर तिचा बाप बसला होता आणि तो सबंध वेळ ऐकत होता.

रंग चढला. मोरपंखी. उन्हात निळा, सावलीत हिरवा. धुक्याच्या त्या फिकट, विरक्त गावात एकटाच गर्भरेशमी झळाळणारा.

रविवारी सकाळी, धुकं पातळ झाल्यावर, वैजूनं चावी फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं, आणि लागलं. ओट्यावरचा म्हातारा उठून उभा राहिला. डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. न दिसणाऱ्या डोळ्यांनाही रडता येतं. वैजूनं इंजिन बंद केलं, बापाचा हात धरला आणि त्यांना शेडमध्ये आणलं.

“आबा, मोरपंखी रंग दिलाय,” ती म्हणाली. “आता बघा फिरवून हात.”

तळवा बॉनेटवर टेकला. सरकला. मडगार्डवर आला, थबकला, पुढं गेला. बैल नाही. धोंडा नाही. बोटांना काही सापडेना. ती घाईनं पुढं जाऊ लागली, मग जास्तच घाईनं, अनोळखी घरात शिरलेल्या माणसासारखी चाचपत. थंड, तकतकीत, निर्लेप, निर्विकार पत्रा. म्हाताऱ्यानं डावं दार कुठं आहे ते विचारलं. त्यांचा हात दारावरच होता.

“हितं पोचा हुता,” ते म्हणाले.

“भरला की. एकबी ठेवला न्हाई,” वैजू म्हणाली. तिच्या आवाजात अजून अभिमान होता.

हैबतीआबा चाकाला टेकून खाली बसले. रागावले नाहीत. सावकाश, सलग, कोरड्या आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. मेढ्याचा निरोप सांगितला, सूर्यास्त सांगितला, भरला तांब्या सांगितला. मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, माझीच चूक, असंही म्हणाले.

“तुजी आय मला तेवढीच उरली हुती, बाय.”

वैजू घरात गेली. देवघराच्या कोनाड्यात आईचा तांब्या होता. तो तिनं नळाखाली धरला आणि काठोकाठ भरला. प्रयोग पुन्हा करायचा तर साहित्य तेच हवं, जागा तीच हवी, वजन तेच हवं. आयुष्यभर तिनं शाळेतल्या मुलांना हेच मांडून दिलं होतं. नळाचा आवाज आबांनी ऐकला. परतणारी पावलं ऐकली. त्यांनी हात वर केला, पण तोवर उशीर झाला होता.

तांब्या दारावर आदळला. पाणी उडालं. मोरपंखी रंग तडकला, वर्षभराची मेहनत खपल्या होऊन गळाली, आतून पांढरी लांबी उघडी पडली. हँडलखाली, चार बोटांवर, वाटीएवढा. तांब्या तोच होता, दार तेच होतं. हात वेगळा होता, आणि त्या हातात राग नव्हता. रडू होतं.

तिनं बापाला उठवलं, त्यांचा उजवा हात धरला आणि बोटं त्या नव्या खोलगटात ठेवली. स्वतः श्वास रोखून उभी राहिली. बोटं कडेवरून फिरली. तळाशी गेली. ओल्या पत्र्यावर क्षणभर थांबली.

“हां,” हैबतीआबा म्हणाले. “ह्योच. आसाच हुता.”

वैजूनं डोळे पुसले आणि बापाकडं पाहिलं. उजवा हात तिथंच होता, तिनं ठेवला होता तसा, निमूट, आज्ञाधारक. पण डावा हात केव्हाच दारावर चढला होता आणि मोरपंखी पत्र्यावरून हळूहळू सरकत होता. खाली, वर, पुन्हा खाली. हँडलपाशी, कडेपाशी, काचेपाशी. शोधत होता, अजून शोधत होता.