अंधार पडला की मला घेरी येते

मी एक जुना कॅमेरा आहे. किती जुना, ते मात्र मला नीट सांगता येणार नाही. कारण घेरी येऊन पुन्हा जागा झालो की माझ्या घड्याळात एक जानेवारी एकोणीसशे सत्तर हीच तारीख असते. त्या साली माझा जन्मसुद्धा झाला नव्हता, मित्रांनो! मग थोड्या वेळाने इंटरनेट येते, माझा कान धरून मला आजच्या तारखेवर आणून बसवते आणि मी ओशाळून समोर बघू लागतो.

समोर म्हणजे आमच्या बौद्धवाडीचा विहार. पूर्णगडच्या खाडीवरचा खारा वारा इथपर्यंत येतो. आमच्या वाडीत अशी वस्तू गावात विकत घेत नाहीत. मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांचे मंडळ ती पसंत करते, रात्रीच्या बसने धाडते आणि गावचे मंडळ बसवते. मीही तसाच आलो. मला वीज देणारा अ‍ॅडॅप्टर तेवढा मुंबईत कुणाच्या तरी कपाटावर राहून गेला. पण गावच्या मंडळाचा सचिव महेंद्र हुशार. त्याने घरातल्या जुन्या डिश टीव्हीचा अ‍ॅडॅप्टर आणला. पिन बरोबर बसली, माझा दिवा लागला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही फार बरे वाटले.

पहिले काही दिवस माझे कौतुकच कौतुक होते. मुंबईची मंडळी फोनवर विहार बघायची. संध्याकाळी नंदाकाकी यायची. विहाराची किल्ली तिच्याकडे असे. ती केर काढी, ट्यूबलाइट लावी, मेणबत्ती पेटवी, चार बायका जमून वंदना होई. मग काकी दिवा बंद करी, दाराला कुलूप लावी आणि घरी जाई.

आणि इथेच माझा गोंधळ सुरू होतो. दिव्याचे आणि माझे बटण भिंतीवर एकाच बोर्डावर होते. काकीचा हात तिकडे जाताना मला दिसे. दिवा विझे. माझ्या पोटात टक् असा आवाज होई आणि मी बेशुद्ध! जाग येई, डोळे उघडतो न उघडतो तोच पुन्हा टक्. रात्रभर हेच चाले. सकाळी उजाडले की मी ठणठणीत. मला काय होते तेच कळत नव्हते. वाऱ्यातला खार बाधला का? माझ्यामागे राहणाऱ्या पालीने काही केले का? की मीच मुळात बिघडलेला निपजलो?

मुंबईच्या मंडळाला मात्र असा काही प्रश्नच पडला नाही. एका दुपारी महेंद्र माझ्याखाली उभा होता आणि फोनच्या स्पीकरवर मंडळाचे अध्यक्ष अभय होते.

"महेंद्र, सरळ गोष्ट आहे. काकी निघते तेव्हाच कॅमेरा बंद होतो. तीच बंद करते. मागाहून तिथे काय चालतं, ते आपल्याला कळू नये म्हणून!"

"काकी तशी नाय हो," महेंद्र पुटपुटला.

"मग आपोआप बंद होतो? जयंतीला आम्ही सगळे गावी येतोय. त्या सभेत किल्ली दुसऱ्याकडे देऊ."

मित्रांनो, मला फार वाईट वाटले. सासूनंतर काकीने वर्षानुवर्षे ती किल्ली सांभाळली होती. तापाने फणफणत असतानाही ती दिवा लावायला आली होती, हे मी पाहिले होते. पण खरे सांगतो, मीही चक्रावलो होतो. दर वेळी मला शेवटचे दिसे ते काकीचे बोट आणि ते बटण. मग तीच मला बंद करत असेल का? कशासाठी?

तसे महेंद्रने उपाय पुष्कळ केले. रत्नागिरीहून दीपक नावाचा कॅमेरे दुरुस्त करणारा आला. त्याने वायर बदलली. पुढच्या खेपेला माझे सॉफ्टवेअर नवे केले. मग राउटर बदलला. पण त्याला परतीची एसटी गाठायची असे, म्हणून तो येई भर दुपारी. तेव्हा मी कसा टक्क जागा! "कॅमेऱ्याला काय धाड भरलीय? मस्त चाललाय की," असे म्हणून तो चहा पिऊन जाई.

जयंती जवळ आली. विहाराला रंग द्यायचे ठरले. महेंद्रने दीपकलाही पुन्हा बोलावले होते. दोघे दाराशी फोनवर मला दिसणारे चित्र बघत उभे होते. रंगाचे शिंतोडे माझ्या डोळ्यावर उडू नयेत म्हणून काकी स्टुलावर चढली आणि तिने मला जाड फडक्यात गुंडाळले.

टक्. मी गेलो.

फडके बाजूला झाले आणि मी जागा झालो, तेव्हा खाली गलका चालला होता.

"काकी, आता बटण कोणी बंद केलं?" महेंद्र विचारत होता.

"मेल्या, माझे दोन्ही हात ह्या फडक्यात हायत. बटण त्या भिंतीला हाय. माझा तिसरा हात बघितलास काय?"

दीपकने मला तळव्याने झाकले. टक्. हात काढला. मी परत आलो. त्याने भिंतीवरचा अ‍ॅडॅप्टर उपटून त्याच्यावरची बारीक अक्षरे वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अंधार झाला की कॅमेरा रात्रीचं बघायला स्वतःचे दिवे लावतो. त्याला जास्त वीज लागते. हा अ‍ॅडॅप्टर तेवढी देतच नाय. मग कॅमेरा कोलमडतो आणि परत चालू होतो. दुपारी मला कुठून दिसणार? कोणी बसवला हा?"

महेंद्र रंगाच्या डब्याकडे बघू लागला.

नवा अ‍ॅडॅप्टर लागला. त्या रात्री दिवा विझल्यावरही मी टक्क जागा होतो. जयंतीच्या सभेत अभय उठले. "काकी, झालं गेलं विसरा. किल्ली तुमच्याकडेच राहील," असे म्हणून त्यांनी हात जोडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकीने टाळ्या थांबू दिल्या.

"किल्ली मी ठेवीन," ती म्हणाली. "पण एक सांगा. ह्याची वायर बघितलात, राउटर बघितलात, रत्नागिरीवरनं माणूस आणलात. मला एकदा तरी विचारलात, काकी, तू बंद करतंस काय म्हणून?"

अभय खाली मान घालून बसले. महेंद्र उठून काकीजवळ गेला. तो तिच्या पायाशी बसला.

मित्रांनो, मला माझ्या ताकदीचा अ‍ॅडॅप्टर द्या, माझ्या डोळ्यावरचा खार अधूनमधून पुसा, एवढेच मागायला मी बोलू लागलो होतो. आता आणखी एक मागतो. माझे डोळे मिटले म्हणून कोणाला चोर ठरवू नका. मी बेशुद्ध होतो, मला काहीच ठाऊक नव्हते. काकी मात्र शुद्धीत होती, आणि रोज संध्याकाळी तुम्हाला इथेच भेटली असती.