हिरवी रेघ

गॅरेजवाल्याने रंगाचा खर्च सांगितला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात तर घर रंगवून होईल." मग काय, गाडी घरीच रंगवायची ठरली. सुनेने दाराच्या आतल्या पट्टीवरचा रंगाचा नंबर दुकानदाराला दाखवून बोटभर बाटली आणली, प्रायमर आणला, ओला करून घासायचा बारीक वॉटर पेपर आणला, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळीच बाह्या सारून ती अंगणात बसली.

पांढरी गाडी तिच्या नवऱ्याची. तो परगावी कामाला असल्यामुळे ती सासऱ्यांच्या हाती होती. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात नेणं-आणणं सासऱ्यांकडेच होतं. उभा जन्म त्यांनी बस चालवली होती. गल्लीत सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. माझ्या बसला टाचणीचा ओरखडा नाही, हे त्यांचं वाक्य घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. आणि आता डाव्या बाजूला, पुढच्या चाकाच्या वरून दारापर्यंत, लांबलचक ओरखडा.

"फाटकाला घासली," एवढंच ते म्हणाले होते.

सुनेने साबणाच्या पाण्याने पत्रा धुतला, कोरडा केला, ओरखड्याच्या वर-खाली चिकटपट्टी लावली. पेपर पाण्यात बुडवून ती हलक्या हाताने घासू लागली. सासरे शेजारी उभे होते.

"हात चालव जरा. ऊन आहे तोवर रंग वाळायला हवा."

"बाबा, घाईत केलं तर डाग दिसेल."

"दिसू दे. उरकून टाक."

तिचा हात थबकला. हा माणूस चहासुद्धा बशीत ओतून, निवांत फुंकर घालून पिणारा. त्यांच्या तोंडी 'उरकून टाक' तिने कधी ऐकलं नव्हतं.

ती पुन्हा वाकली. ओरखड्याच्या खोल भागात काहीतरी अडकलं होतं. तिने ओल्या फडक्याने पुसलं. हिरवा रंग होता. पत्र्यात रुतलेली, दोऱ्याएवढी हिरवी रेघ. तिने मान वळवून फाटकाकडे पाहिलं. फाटक काळं होतं, आणि तिला आठवतंय तेव्हापासून काळंच होतं.

आपण काय घासतोय, काय पुसतोय?

"बाबा, नक्की कशाला घासली गाडी?"

"सांगितलं ना एकदा. फाटकाला."

"फाटक हिरवं नाहीये."

"तू आता मला शिकवणार?" सासऱ्यांचा आवाज चढला. "दे इकडे. मीच करतो."

त्यांनी तिच्या हातातून पेपर ओढून घेतला, खाली बसले आणि जोरजोरात घासू लागले. सून बघत राहिली. आधी तिला काही कळलं नाही. मग कळलं. ते ओरखडा घासतच नव्हते. चिकटपट्टीच्या खाली, वीतभर बाजूला, चांगला गुळगुळीत रंग घासून काढत होते. हिरवी रेघ होती तिथेच होती. पांढऱ्या रंगाखालचा पत्रा मात्र दिसू लागला होता.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ओरखडा वर आहे."

सासऱ्यांचा हात थांबला. त्यांनी बोटांनी पत्रा चाचपला. चिकटपट्टी लागली, मग तिच्यावरचा खरबरीत भाग लागला. बोटं तिथेच राहिली. मग ते बोलले.

"तुझ्या सासूला दवाखान्यात सोडून परत येत होतो. बेकरीच्या वळणावर आवाज आला. आरशात बघितलं, काही दिसलं नाही. काही नव्हतं म्हणून दिसलं नाही, की मलाच दिसलं नाही, तेच कळेना. थांबलो नाही मी, पोरी."

"कधीपासून दिसत नाही?"

"समोरचं नळीतून बघावं तेवढंच दिसतं. कडेचं सगळं गेलंय. कोणाला सांगितलं असतं तर किल्ली गेली असती हातातून."

तिला संताप आला. सासूबाई बसत होत्या त्या गाडीत. तिची स्वतःची मुलगी शाळेतून येताना बसत होती. पण बोलायची ही वेळ नव्हती. तिने बादली बाजूला सारली आणि म्हणाली, "चपला घाला. चालत जाऊ."

वळणावर गाडीने कोणाला धडक दिली होती का, असं तिने बेकरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ती लाँड्रीवाली बाई. हिरव्या सायकलवरून धुतलेले कपडे पोचवते. कोणीतरी उडवलं आणि पळाला हरामखोर." मग त्याने मागची बोळ दाखवली. सासऱ्यांनी मान खाली घातली. बोळ अरुंद होती. सून पुढे, ते मागे. पावलागणिक तिला वाटत होतं की ते मागे फिरतील. ते फिरले नाहीत.

दार बाईच्या नवऱ्याने उघडलं. आत घडी घातलेल्या कपड्यांचे गठ्ठे पडून होते. बाई खुर्चीत बसली होती, उजवा हात प्लास्टरमध्ये.

"ती गाडी मी चालवत होतो," सासरे उंबऱ्यातूनच म्हणाले.

नवरा पुढे धावला. सून मध्ये आली. "थांब," बाई म्हणाली. तिने सासऱ्यांकडे नीट पाहिलं. "हेच ते. मी हात केला होता तुम्हाला. थांबा म्हणून ओरडलेही."

"मला दिसलं नाही, बाई. तुमचं ओरडणं ऐकूही आलं नाही. घासल्याचा आवाज तेवढा आला, तरी थांबलो नाही. ते मात्र माझं."

"आता आलात रडायला," नवरा म्हणाला. "मी तक्रार करणार."

"करा. मीही येतो बरोबर."

शेवटी बाईचा नवरा, सासरे आणि सून असे तिघेही पोलीस ठाण्यात गेले, आणि सून वाटेत आपल्या नवऱ्याला फोन लावत राहिली. त्याने आधी आरडाओरडा केला, मग विचारलं, "बाबा कसे आहेत?"

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं औषधाने जपायचं. लायसन्स गेलं. प्रकरण कोर्टात उभं राहायचं होतं. बाईच्या औषधपाण्याचा भार या घराने उचलला, त्यात सासूबाईंनी आपल्या बांगड्या विचार न करता पुढे केल्या. सुनेने कामाची वेळ बदलून घेतली आणि गाडी स्वतः चालवू लागली. सासऱ्यांशी मात्र ती बरेच दिवस कामापुरतंच बोलली. त्यांनी ते निमूट सोसलं.

बाईचा हात बरा होईपर्यंत लाँड्रीचे गठ्ठे ड्रायव्हरकाका पायी पोचवत होते. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी बाईच्या नवऱ्याने दार तोंडावर लावलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले, तेव्हा त्याने गठ्ठा त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "रस्ता ओलांडताना डावीकडे मान पूर्ण वळवा."