कारभाऱ्याच्या वाटीवर ठराव

खेमसिंग कारभारी गेला, त्याच्या आदल्या दिवशी तांड्यात चर्चा होती ती फक्त त्याच्या गुडघ्याची. होळी पंधरा दिवसांवर आली होती. लेंगीच्या, म्हणजे बंजाऱ्यांच्या होळीतल्या नाचगाण्याच्या, तालमीत गिरकी घेताना तो बसला आणि उजव्या गुडघ्याची वाटी सरकून बाहेरच्या अंगाला गेली.

तांड्यातला कुठलाही प्रश्न बैठकीपुढे यायचा आणि बैठक कारभाऱ्यानेच चालवायची. म्हणून खाटेवर पाय दुमडून पडलेल्या खेमसिंगने स्वतःच्याच वाटीवर बैठक बोलावली.

"एकेकानं बोला," तो कण्हत म्हणाला.

"तेल लावून दोन झटक्यात बसवतो," तांड्यात हाडं बसवणारी मानीबाई पुढे सरसावली.

"माह्या म्हशीचा पाय चोळलता तुनं. अजून तिरपी चालते," तांड्याचे नायक गुलाबसिंग म्हणाले.

"थे पहिलेपासूनच तिरपी होती!"

"म्हशीचा विषय पुढच्या बैठकीत," कारभाऱ्याने निकाल दिला.

पुसदला मास्तरीण असलेली त्याची मुलगी जया गाडी घेऊन दारात उभी होती. "बापू, दवाखान्यात चला."

"ठराव झाल्याबिगर कसा येऊ?"

"ऑपरेशनच करा," हरिसिंग म्हणाला. "माह्या साडूनं केलं. आता झकास दिसते त्याले."

"दिसते? कायचं ऑपरेशन?"

"मोतीबिंदूचं."

खेमसिंगला असं हसू फुटलं, की हसता हसता त्याचा पाय हळूहळू लांब झाला. टक्! वाटी आपसूक जागेवर.

"तरी मतं घ्या लागन," तो म्हणाला. बसलेली वाटी बसवावी, असा ठराव एकमताने झाला.

पुसदच्या डॉक्टरांनी फोटो काढला. "तीन आठवडे पट्टा, मग मांडीचे व्यायाम. वाटी पुन्हापुन्हा निसटली, तरच ऑपरेशन."

"अन् लेंगी?" खेमसिंगने विचारलं.

डॉक्टरांच्या आधी जयाच बोलली. "नाही. वय काय, नाचता काय! चारचौघांत मलेच मान खाली घालावी लागते."

परतताना गाडीत त्याने पट्ट्यावर बोटांनी लेंगीचा ठेका धरला आणि मधेच सोडून दिला. पहाटे झोपेतच गेला. हृदय थांबलं, गुडघ्याचा काही संबंध नव्हता, असं डॉक्टरांनी जयाला दोनदा सांगितलं.

होळीला डफ घेऊन माणसं खेमसिंगच्या दाराशी, जयासमोर अडखळली. "वाजवू, का पुढं जाऊ?" नायकांनी विचारलं.

"वाजवा," जया म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "बापू, तुम्ही नाचत तवा मी मान खाली घालून हसत राहो. तुमच्यावाणी कोणालेच नाचता येत नव्हतं. मले लय आवडे."