बोकडाची हजामत

मी एक जुना लाकडी बोकड आहे, मित्रांनो. हसा, खुशाल हसा. बोकड म्हटलं की लोकांना एकतर हसू येतं, नाहीतर रस्सा आठवतो. माझा रस्सा होणार नाही. मी आतून-बाहेरून लिंडनच्या लाकडाचा आहे, डोक्यात एक जाड तार आहे आणि चारी पायांना दोऱ्या आहेत. थोडक्यात, मी कळसूत्री बाहुली आहे. बाहुला म्हणालात तर जास्त बरं वाटेल.

बोहेमियातल्या झालेसी गावात हिनेकच्या आजोबांनी मला कोरलं. म्हातारा तिरसट होता, पण हातात कसब होतं. त्यांनी शेजाऱ्याच्या घोड्याच्या शेपटीचे केस आणून मला भरघोस दाढी लावली. तेवढ्यावर समाधान होईना, म्हणून वरच्या ओठावर मिशीही डकवली.

"अहो, बोकडाला मिशी कुठे असते?" आजीने विचारलं.

"पुढाऱ्याला असते की," म्हातारा म्हणाला आणि सरसाचं भांडं खाली ठेवलं.

तर असा मी जन्मतःच पुढारी. चोराच्या हाती किल्ल्या गेल्या की आमच्याकडे 'बोकडाला माळी केला' म्हणतात. तुम्ही 'कुंपणच शेत खातं' म्हणता, तेच ते. त्या म्हणीचाच आजोबांनी खेळ केला होता. एका मळ्यात ससे, कोंबड्या आणि बदकं मिळून जुलमी माळ्याला हाकलून देतात आणि बोकडाला माळी नेमतात. बोकड गरजतो, "कोबी सगळ्यांचा!" टाळ्या पडतात. पहिल्या दिवशी तो प्रत्येकाला एकेक पान वाटतो. दुसऱ्या दिवशी म्हणतो, कोबीवर पहारा हवा, आणि पहाऱ्याला स्वतःच उभा राहतो. तिसऱ्या दिवशी मळ्यात नुसते बुडखे उरतात आणि बोकड सांगतो, "अळ्यांनी खाल्ला! शत्रू आपल्यातच आहेत!"

मग लहानगा ससा विचारतो, "माळीबुवा, कोबी अळ्यांनी खाल्ला, तर ढेकर तुम्हाला का येतोय?"

त्यावर मी छाती काढून म्हणायचो, "हा ढेकर मी तुम्हा सर्वांच्या वतीने देतो आहे!"

या वाक्याला लोक बाकं बडवायचे. आजोबांच्या काळात मला बघून ते बादशहाच्या कारभाऱ्याचं नाव कुजबुजत. बादशहा गेला, प्रजासत्ताक आलं, मग त्यांना माझ्यात साखर कारखान्याचा मालक दिसू लागला. माझ्यात मात्र काडीचा फरक पडला नव्हता. पुढारीच एकामागून एक माझ्यासारखे होत गेले, त्याला मी काय करणार?

आजोबा गेले, मुलगा लढाईत गेला, आणि मी नातवाच्या, हिनेकच्या हाती आलो. त्याची बायको आपोलेना सशांच्या दोऱ्या धरायची आणि सशांचे आवाज काढायची. हिनेक बोलायला बुजरा, पण माझ्या दोऱ्या हाती आल्या की त्याला कंठ फुटायचा. मी त्याचं तोंडच होतो म्हणा ना.

मग क्रांती झाली. या वेळची खरी, असं सगळे म्हणत होते. झेंडे लागले, जमीनदार पळाला, खानावळीच्या सभागृहात "सगळं सगळ्यांचं!" अशी भाषणं झाली. मी विंगेत टांगलेला होतो. मला वाटलं, अरेच्चा, माझा पहिला अंक हे लोक माझ्याविना कसा करताहेत? रंगमंचावरच्या भिंतीवर चार तसबिरी लागल्या. पहिली भरघोस दाढीवाल्या थोर पुरुषाची, दुसरी टोकदार दाढीवाल्या थोर पुरुषाची, तिसरी मिशीवाल्या थोर पुरुषाची. चौथी होती आमच्या जिल्ह्याचे सचिव कॉम्रेड झिकमुंड यांची. गुळगुळीत हनुवटी, लालबुंद गाल. ती त्यांनी स्वतःच पाठवली होती, खिळ्यासकट.

गावातला सांस्कृतिक कारभार द्राहोशकडे आला. द्राहोश कालपर्यंत गावचा न्हावी होता. माणूस वाईट नव्हता, नुसता घाबरट होता. एक दिवस तो आमच्या घरी आला, टोपी काढली नाही आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "हिनेक, तुझ्या बोकडाला दाढी आहे."

"बोकडाला असतेच की, साहेब."

"साहेब म्हणू नकोस. कॉम्रेड म्हण."

"बरं. कॉम्रेड बोकडाला—"

"मला म्हण रे! बोकडाला नको!" द्राहोशने दार लावून घेतलं. "हे बघ, जत्रेला झिकमुंडसाहेब... म्हणजे कॉम्रेड झिकमुंड खेळ बघायला येताहेत. त्यांना आवडला तर तुझा परवाना कायम. नाही आवडला तर बाहुल्या जप्त, आणि तू खाणीत कोळसा फोडायला. कळलं? आणि हा बोकड दिसतो... दिसतो कुणासारखा तरी."

"कुणासारखा?" आपोलेनाने कणीक मळता मळता निरागसपणे विचारलं.

द्राहोशने तोंड उघडलं आणि मिटलं. भरघोस दाढीवाल्या थोर पुरुषाचं नाव बोकडाच्या संदर्भात कोण घेणार? नाव घेतलं की घेणारा आत. तो म्हणाला, "ते जाऊ दे. दाढी कमी करायची."

आणि त्याने खिशातून वस्तरा काढला. कारभारी झाला तरी वस्तरा सुटला नव्हता. पाणी लावलं तर सरस सुटेल, म्हणून कोरडाच चालवला. मित्रांनो, 'बिनपाण्याने हजामत' हा शब्दप्रयोग लोक येता-जाता करतात. मी ती भोगली आहे.

हजामत सभागृहात, तसबिरींच्या खालीच झाली, कारण उजेड तिथे बरा होता. द्राहोशने दाढी दोन्हीकडून कापली, मागे सरला, मान तिरपी केली आणि वर पाहिलं. मी आता हुबेहूब दुसऱ्या तसबिरीसारखा दिसत होतो.

"अरे देवा," द्राहोश म्हणाला.

"देव आता नसतो, कॉम्रेड," आपोलेना म्हणाली.

त्याने टोकदार दाढीही उडवली. उरली मिशी. वर पाहिलं. तिसरी तसबीर मिशीतल्या मिशीत हसत होती. द्राहोशच्या कपाळावर घाम आला. त्याने मिशीही काढली, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझा चेहरा उघडा पडला. आजोबांनी दाढीखाली गाल कोरून लाल रंगवले होते. गुळगुळीत हनुवटी, लालबुंद गाल. आम्ही चौघांनीही एकदमच चौथ्या तसबिरीकडे पाहिलं. मी धरून चौघं.

द्राहोश बाकावर मटकन बसला. "आता काय रे करू मी? मला लेकरंबाळं आहेत!"

"मुंडकंच कापा," हिनेक कडवटपणे म्हणाला. "बिनडोक माळी. मग बघा कुणासारखा दिसतो ते."

"नको नको नको!" द्राहोश ओरडला. "बिनडोक तर अजिबात नको!"

शेवटी आपोलेनानेच तोड काढली. तिने एक पांढरा रुमाल माझ्या हनुवटीखालून घेऊन शिंगांमध्ये गाठ मारली. दाढ दुखत असली की आमच्याकडे बांधतात तसा. गाल झाकले गेले. "बोकडाची दाढ दुखतेय," ती म्हणाली. "दाढदुखी काही कुणाची खाजगी मालमत्ता नाही." द्राहोशने तिचे हात हातात घेतले आणि तो जवळजवळ रडलाच.

जत्रेचा दिवस उजाडला. सभागृह खच्चून भरलं. पहिल्या रांगेत मधली खुर्ची रिकामी होती. मी विंगेत लटकत होतो आणि हिनेक माझ्या दोऱ्या पुन्हा पुन्हा ओढून बघत होता. त्याला खाणीची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही की आपल्याला पुन्हा कधी बोलता येणार नाही.

आणि दार उघडलं. कॉम्रेड झिकमुंड आत आले.

मित्रांनो, शप्पथ घेऊन सांगतो, त्यांची दाढ सुजली होती. हनुवटीखालून पांढरा रुमाल घेऊन डोक्यावर गाठ मारली होती. गाठीची दोन टोकं ताठ उभी होती, शिंगांसारखी.

द्राहोशचा रंग चुन्यासारखा झाला. आपोलेना पुटपुटली, "आई गं! रुमाल सोड, हिनेक, रुमाल सोड!" पण तोवर घंटा झाली, पडदा वर गेला आणि मी सभागृहासमोर उभा राहिलो.

एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. चारशे माणसं हसू दाबून बसली होती. कुणी ओठ चावत होतं, कुणी बुटांकडे बघत होतं, बेकरीवाल्या बाईंनी तर स्वतःची टोपी तोंडात कोंबली होती. हिनेक खेळत राहिला. दुसरं काय करणार? "कोबी सगळ्यांचा!" मी म्हणालो. कुणी टाळी वाजवली नाही. "अळ्यांनी खाल्ला!" कुणी श्वास घेतला नाही. मग आपोलेनाचा ससा पुढे आला आणि त्याने ढेकराचं विचारलं. हिनेक थबकला. मला वाटलं, गाळतो हा आता वाक्य. पण त्याने माझी छाती वर खेचली आणि आजोबांच्याही वेळी निघाला नसेल अशा खणखणीत आवाजात मी म्हणालो, "हा ढेकर मी तुम्हा सर्वांच्या वतीने देतो आहे!"

कॉम्रेड झिकमुंड उठले. सुजलेल्या तोंडातून शब्द नीट निघत नव्हते. "थांबवा! हा बोकड कोण आहे?"

"बोकड आहे, कॉम्रेड," वरून हिनेक म्हणाला.

"दिसतो कुणासारखा?"

त्यांनी बेकरीवाल्या बाईंकडे बोट केलं. "तुम्ही सांगा!"

बाईंनी टोपी तोंडातून काढली. "बोकडासारखाच की, कॉम्रेड. दुसरं कुणासारखा दिसणार?"

"तुम्ही?" त्यांनी पोस्टमनला विचारलं.

"माझा चष्मा घरी राहिलाय."

मग ते द्राहोशकडे वळले. "तू सांस्कृतिक कारभारी! तू सांग, कुणासारखा दिसतो?"

बिचारा द्राहोश टाचा जुळवून उभा राहिला आणि छातीवर हात ठेवून ओरडला, "तुमच्यासारखा अजिबात नाही, कॉम्रेड झिकमुंड!"

बस्स. सभागृह फुटलं. बाकं उलटली, बेकरीवाल्या बाई खाली बसून रडेपर्यंत हसल्या, पोस्टमनने न आणलेला चष्मा पुसला. झिकमुंड किंचाळायला गेले आणि दाढेत कळ आल्यामुळे नुसतेच "बॅ" असं काहीतरी म्हणाले. त्यावर तर कहरच झाला.

"खाई त्याला खवखवे," आपोलेना ससा हलवत म्हणाली.

हसण्याबद्दल सगळं गाव काही तुरुंगात टाकता येत नाही. तेवढ्या खोल्या नव्हत्या. म्हणून द्राहोशची खुर्ची गेली आणि तो पुन्हा दाढ्या करू लागला. त्याला झोप चांगली लागू लागली, हे तोच सांगायचा. हिनेकला मात्र खाणीत पाठवलं. मला चुलीत घालायचा हुकूम निघाला आणि राख बघायला एक शिपाई आला. आपोलेनाने माझ्याऐवजी जुलमी माळ्याची बाहुली चुलीत टाकली. शिपायाने राख पाहून मान डोलावली. माळी जळला, बोकड वाचला. राजकारणात असंच होतं म्हणा.

मला तिने पोटमाळ्यावर कांद्यांच्या वेण्यांमध्ये उलटं टांगलं. कोळ्यांनी माझ्या शिंगांत संसार थाटले. हिनेक खाणीतून परतला तो खोकला घेऊन. लाकडाच्या वखारीत कामाला लागला आणि पार गप्प झाला. कधीमधी वर यायचा, माझ्या दोऱ्यांवरची धूळ झटकायचा आणि काही न बोलता खाली जायचा. मला त्याचं फार वाईट वाटायचं. मी तरी लाकडाचा होतो.

वर्षं लोटली आणि परत चौकात गर्दी जमली. लोक किल्ल्या खुळखुळवत सत्तेवरच्यांना म्हणत होते, चला, तुमची जायची वेळ झाली. तसबिरी उतरल्या, भिंतीवर चार पांढरे चौकोन राहिले. राडोवान नावाचा तरुण नगराध्यक्ष झाला. सुटाबुटातला, सदा हसरा. तो हिनेककडे आला आणि गळ्यात पडला. "आजोबा, तुम्ही आमचे वीर! तुमच्या बोकडासाठी सभागृहात काचेचं कपाट करतोय. खास दिवे लावून!"

"कपाट कशाला?" हिनेक म्हणाला. "मी खेळ करतो की."

"छे हो! इतका मौल्यवान ठेवा. दोरी तुटली, रंग उडाला तर? आणि आता क्रांती झाली, आजोबा. आता हसायचं कुणाला?"

बघा हं, मित्रांनो. आधीच्यांनी मला जाळायला काढलं, याने मला मखरात बसवायला काढलं. दोन्हीकडे माझं तोंड बंदच.

समारंभाला सगळं गाव आलं. राडोवानने भाषण केलं, बोकड सगळ्यांचा आहे असं सांगितलं आणि फीत कापायला कात्री उचलली. "आजोबा, आपल्या हाताने ठेवा कपाटात."

हिनेकने मला हातात घेतलं. खोकला. म्हातारी बोटं दोऱ्यांत शिरली आणि मी एकदम जमिनीवर उभा राहिलो. चार पावलं टाकून मी नगराध्यक्षांसमोर गेलो आणि कमरेत वाकून त्यांना झकास मुजरा केला.

आणि राडोवान, निवडणुकीपासून दिवसभर दिसेल त्याला वाकण्याची सवय झालेला तो बिचारा, हसतमुखाने तेवढाच वाकून मला उलट मुजरा करून बसला.

एक क्षण आम्ही दोघे शिंगाला कपाळ लावून तसेच होतो. मग मागून पहिलं हसू फुटलं, मग सगळं सभागृह. राडोवान लाल झाला, कात्रीकडे पाहिलं, हिनेककडे पाहिलं. शेवटी तोही हसला. सगळ्यात उशिरा, पण हसला.

"मग?" कित्येक वर्षांनी हिनेकचा तो खणखणीत आवाज ऐकू आला. "आपोलेना, ससे आण. खेळ करू."

काचेचं कपाट अजून रिकामंच आहे. त्यात हल्ली बेकरीवाल्या बाईंची नात केक ठेवते.

मित्रांनो, माझी निगा राखा, मला जपा, असं काहीतरी आता मी म्हणायला हवं. नाही म्हणणार. मला जपू नका, मला वापरा. दोरी तुटली तर गाठ मारा, रंग उडाला तर उडू द्या. आणि नवीन कुणी मोठा माणूस गावात आला की त्याला पहिल्या रांगेत बसवून माझा खेळ दाखवा. तो हसला, तर बरं. नाही हसला, तर गावात बोकड दोन झाले असं समजा, आणि त्यातला लाकडाचा तेवढा बिनधास्त जवळ करा.