गोटेबाबाचा बोलका दगड

धडाम्!

गोवऱ्यांच्या जाळात दगड फुटला, ठिकऱ्या उडाल्या आणि धायरीच्या माळावरची गर्दी गरजली, "घावली! हीच चेटकीण!"

ही म्हणजे सुंदराबाई. पोळ्या लाटून पोट भरणारी एकटी विधवा. गावातल्या सर्जेरावांचा पोरगा मोटारसायकलवरून पडून दवाखान्यात बेशुद्ध होता आणि करणी कुणाची, हे मांत्रिक गोटेबाबा दगडाला विचारत होता. दगडावर खडूनं नाव लिहायचं, जाळात टाकायचा. फुटला की गुन्हेगार सापडला! आधीच्या नावांचे दगड गप्प बसले. सुंदराबाईचा फुटला.

सर्जेरावांनी तिला केसांना धरून आपटलं. कपाळ फुटलं. वरून लाथा, चपला.

"अहो, मरेल ती!" मी ओरडलो.

"मरू दे की! दगूड खोटं बोलतो व्हय?" सर्जेराव गरजले.

गळ्यात कंपनीचं कार्ड लटकवलेला, गर्दीतलाच अनिरुद्ध मला समजावायला लागला. "काका, स्टोन्समध्ये एनर्जी असते. प्रूव्ह झालंय."

"कुठे? तुमच्या कँटीनमध्ये?"

माझं नाव पोपट. कर्वेनगरात शोभेचे दगड विकतो, अकीक, स्फटिक, गारगोट्या. बाबा नाव लिहिण्याआधी प्रत्येक दगड कानाशी हलवत होता. "देव कुजबुजतो," म्हणे! ही कुजबुज मी दुकानात रोज ऐकतो.

घुसलो गर्दीत. पाठीत काठ्या बसल्या. "सर्जेराव, एक शेवटचा दगड! मग काय करायचं ते करा."

बाबाच्या झोळीतले दगड मी कानाशी हलवले, हवा तो निवडला आणि ठसठशीत लिहिलं, 'गोटेबाबा'.

"मूर्खा! देवाची परीक्षा घेतोस?"

"छे हो महाराज, तुमची."

दगड तापला आणि धडाम्! ठिकरी थेट बाबाच्या गालात. रक्ताची धार.

"बाबाच करणीवाला! हाणा!"

पब्लिक बाबावर तुटून पडलं. सुरुवातीचे तडाखे मी चवीनं पाहिले, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या तोंडातून दात पडले, तो हात जोडून लोळायला लागला, आणि माझ्या लक्षात आलं. लोकांनी दगडाचंच ऐकलं होतं! फक्त माणूस बदलला होता.

मी झोळीतला आणखी एक दगड उंच धरला. "थांबा! ह्याच्यावर कुणाचं नाव आहे?"

"कुनाचंच न्हाय."

तो जाळात टाकला. सगळे वाट बघत राहिले. तोही फुटला.

"आता कुणाला मारायचं, सांगा!"

मी एक दगड सर्जेरावांच्या कानाशी हलवला. "काय ऐकू येतं?"

"पानी... डुचमळतंय आत."

"काही पोकळ गारगोट्यांत पाणी अडकलेलं असतं. तापलं की त्याची वाफ होते. वाफेला जागा पुरत नाही, दगड फुटतो. बाबा पाण्याच्या दगडावर सुंदराबाईचं नाव लिहितो, कोरड्यांवर बाकीच्यांची. का? तिच्या बाजूनं काठी घेऊन उभं राहणारं कोण आहे?"

सर्जेरावांच्या हातातली काठी गळाली. त्यांनीच सुंदराबाईला उचलून जीपमध्ये घातलं. ती कण्हत म्हणाली, "दवाखान्यात चाललाच हायसा, तर पोराजवळ बसा जरा. हितं काय करत हुता?"

दगडाला कुणाचं नाव ठाऊक नसतं. कुणी चमत्कार दाखवला, तर आधी बिननावाचा दगड जाळात टाकायला लावा. आणि तो फुटेपर्यंत कुणाच्या अंगाला हात लावू नका. फुटल्यावरही नका.