एका पानाला एक खजूर

मित्रांनो, माझं झाकण उघडायला चमचा लागतो. मी पत्र्याचा जुना डबा आहे, पण अजून कुणाला सहजासहजी दाद देत नाही. पोटात बिस्किटं घेऊन मी यासीनभाईंच्या सामानातून मस्कतहून पनवेलला आलो. बिस्किटं दोन दिवसांत फस्त झाली. मग त्यांच्या बहिणीने, सफूराने, माझ्यात खजुराची पिशवी ठेवली आणि मला लिहिण्याच्या टेबलावर मानाची जागा दिली.

सफूरा खांदा कॉलनीतल्या एका शाळेत शिकवायची आणि घरी अब्बांची गोष्ट लिहायची. वहाबअब्बांनी करंज्याच्या बंदरात चाळीस वर्षं होड्यांची इंजिनं दुरुस्त केली होती. आता काचबिंदूने त्यांची नजर गेली होती. पुस्तक त्यांच्या हयातीत पुरं व्हावं, एवढीच तिची धडपड होती. तिने नियम केला: एक पान लिहून झालं की एक खजूर खायचा आणि बी धुऊन माझ्यात टाकायची.

मला तिचं फार कौतुक वाटे. दहादा खोडलेल्या ओळीवर ती पुन्हा बसायची. कधी मोहाने खजूर आधीच खायची. मग पान झालं नाही, तर ती बी मुकाट्याने कचऱ्यात टाकायची. माझ्यात खोटी बी एकही नाही, हे मी अभिमानाने सांगतो.

मग रमजान आला. रोज्यात दिवसा खजूर कसा खाणार? बक्षीस थांबलं, तसं लिहिणंही थांबलं. तिने शाळेच्या कामाचं निमित्त सांगितलं. ते मला पटलं नाही, अब्बांनाही नाही. नवव्या दिवशी त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"बेटा, खजूर मगरिबनंतर खा," ते म्हणाले. "पान मला आत्ता ऐकव."

ती लगेच लिहायला बसली. त्या दिवसापासून पान झालं की ती अब्बांना वाचून दाखवू लागली. संध्याकाळी रोजा सोडताना अब्बा स्वतः तिच्या हातावर खजूर ठेवत. इतकी भरभर पानं मी कधी पाहिली नव्हती.

ईदनंतर दोन महिन्यांनी पुस्तक पुरं झालं. सफूराने मला अब्बांच्या मांडीवर ठेवून उघडलं. त्यांनी बियांत मनगटापर्यंत हात घातला.

"एवढं लिहिलंस?"

"एवढं काम केलंत तुम्ही, अब्बा."

आता माझ्या कडांना गंज चढला आहे. परवा यासीनभाई नवा डबा आणू म्हणाले, तेव्हा अब्बांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा आत हात घालून पाहा.