बारा हजार वेढे

जळालेल्या विजेच्या मोटारींमध्ये नवी तार भरून देणं हा त्याचा धंदा, आणि बेस गिटार, म्हणजे खर्जातले सूर काढणारी चार जाड तारांची गिटार, हे त्याचं वेड. डावा कान लहानपणीच तापात गेला होता, पण उरलेल्या उजव्या कानावर त्याने अशी काही कीर्ती उभी केली होती की रविवारी सकाळी दुकानात जमणारी मंडळी त्याला 'एककान्या' म्हणत आणि तोही ते नाव पदवीसारखं मिरवत असे.

मंडळी म्हणजे चार-पाच बेसवेडे. स्वतःला ते खर्जमंडळ म्हणवून घेत. त्यांतल्या दाताच्या डॉक्टरकडे सात बेस गिटारी होत्या आणि वाजवायला येत होती दीड गाणी. टपालखात्यातून निवृत्त झालेल्या एकाचं ठाम मत होतं की पाचवी तार म्हणजे हाताला सहावं बोट, आहे म्हणून मिरवायचं, काम काही नाही. तारा गुळगुळीत हव्यात की खरखरीत, पिकअप एक बरं की दोन, बोटांनी वाजवणारा मोठा की अंगठ्याने चापट्या मारणारा, यावर ते तास न् तास भांडत. भांडण फारच पेटलं की सगळे मास्तरांकडे बघत. मग मास्तर आपली गिटार मांडीवर घेत आणि चार सूर वाजवत. वाद तिथेच मिटे.

मास्तरांनी चाळीस वर्षं नाचाच्या हॉलमध्ये, जहाजांवर, स्टुडिओत बेस वाजवली. ते कायम गायकाच्या मागे उभे, त्यामुळे एकाही फोटोत धड दिसत नाहीत. त्यांची गिटार त्यांना शिकवणाऱ्या जहाजावरच्या वादकाची. तो जमिनीवर स्थायिक झाला तेव्हा तिला मास्तरांच्या हवाली करून गेला होता. तिला एकच पिकअप होतं. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली लोहचुंबकांची छोटीशी पट्टी, आणि तिच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की ते थरथरणं पकडून हे ॲम्प्लिफायरकडे धाडतं. मास्तरांच्या पिकअपचे वेढे कुठल्याशा कारखान्यात कुणी तरी हाताने, जरा वेडेवाकडेच घातले होते. एककान्या म्हणे, "त्या वेडेवाकडेपणातच सगळी जादू आहे. मी शंभर पिकअप गुंडाळली, पण हा आवाज मला एकदाही काढता आला नाही." आवाज गोल आणि भरदार होता, आणि शेवटाला किंचित खरखरे, बोलून झाल्यावर माणसाने घसा साफ करावा तसा.

मास्तरांची लेकही बेस वाजवायची. तिचा पहिला अल्बम निघणार होता आणि त्यातलं एक गाणं वडिलांनी आपल्या गिटारीवर वाजवावं असा तिचा हट्ट होता. रेकॉर्डिंगला दोन आठवडे असताना मास्तर गिटार घेऊन दुकानात आले.

"आवाज मधेच जातो रे. कुठंतरी तार सुटली असेल. तेवढं बघ, बाकी कशाला हात लावू नकोस."

"मास्तर, मला सांगताय?" एककान्या हसला.

गेले दोनेक महिने त्याच्या कानात काहीतरी चाललं होतं. कधी दडा बसल्यासारखं वाटे, कधी दिवसभर घुंऽऽ असा आवाज येई. रस्त्यावरच्या खांबावरचा ट्रान्सफॉर्मर बिघडलाय अशी त्याची खात्री होती. त्याने दोनदा तक्रारही नोंदवली. वीजखात्याचा माणूस येऊन, वर चढून, खाली उतरून म्हणाला, "काका, ट्रान्सफॉर्मर तुमच्याहून ठणठणीत आहे." एककान्याने त्याला कामचुकार ठरवलं आणि विषय संपवला.

मास्तरांच्या गिटारीचा दोष त्याला पाच मिनिटांत सापडला. पिकअपमधून निघालेल्या वायरचा डाग, म्हणजे कथलाचा सांधा, सुटला होता. त्याने नवा डाग दिला, मीटर लावलं. सात हजार आठशे ओहम. म्हणजे वेढ्यांची कॉइल धडधाकट. सवयीप्रमाणे त्याने तो आकडा भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिला आणि गिटार ॲम्पला जोडून सगळ्यात खालची तार छेडली.

आवाज पत्र्याच्या डब्यासारखा आला.

त्याने केबल बदलली, ॲम्प बदलला, पण आवाज तसाच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःची गिटार जोडून पाहिली, तर ती नेहमीसारखी भरदार. म्हणजे ॲम्पमध्ये खोट नाही. दुपारी पुन्हा मास्तरांची जोडली, तर पुन्हा पत्रा. झालं, निकाल लागला. सकाळ आणि दुपार यांच्यामध्ये गिटारीऐवजी आपला कान बदलला असेल, ही शंका त्याला चाटूनही गेली नाही. आतल्या आत वेढे एकमेकांना चिकटले असणार, त्याने ठरवलं. मीटर काहीही सांगो.

बायको चहा घेऊन आली. पंचवीस वर्षं दुकानाच्या मागच्या खोलीत राहून तिने सगळ्या गिटारी ऐकल्या होत्या. "काय झालंय तिला? मला तर नेहमीसारखीच वाटतेय."

"तुला काय कळतंय त्यातलं?" तो म्हणाला.

कप टेबलावर ठेवून ती आत गेली.

मास्तरांना विचारावं असं त्याला वाटलं नाही असं नाही. फोन त्याने हातात घेतला होता. पण विचारलं तर ते नको म्हणतील हे त्याला माहीत होतं, आणि नीट करून दाखवल्यावर ते खूश होतील हेही त्याला तितकंच पक्कं माहीत होतं. त्याने फोन ठेवला, ब्लेड घेतलं आणि कॉइल उभी चिरली. तांब्याच्या तारेचा तो गुंता केसांच्या पुंजक्यासारखा टेबलावर पडला.

मग त्याने नवे वेढे घातले. आठ हजार घातले, आवाज पातळच. ते काढून दहा हजार घातले, तरी पातळ. वेढे जितके जास्त तितका आवाज जड आणि मंद होतो, हे तो दुसऱ्यांना शिकवत असे. आठव्या दिवशी बारा हजार वेढ्यांवर कुठे त्याला खालच्या तारेत थोडी धग जाणवली. तो इतका दमला होता की त्याला तेवढं पुरलं.

रविवारी खर्जमंडळ जमलं. मास्तरांची लेकही आली होती. मास्तरांनी गिटार मांडीवर घेतली आणि पहिला सूर वाजवला.

"ॲम्पवर कुणी गोधडी टाकलीय का?" दाताच्या डॉक्टरने विचारलं. त्याला वाटलं विनोद होईल. कुणी हसलं नाही.

मास्तरांनी आणखी दोन-तीन सूर वाजवले. एकात दुसरा मिसळून नुसता चिखल होत होता. त्यांनी तळहाताने तारा दाबून धरल्या.

"काय झालं रे हिला?"

एककान्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले. आपल्याला जे ऐकू येतंय ते यांना येत नाहीये, एवढं त्याच्या लक्षात आलं, पण तोंड पुढे निघून गेलं. "कॉइल मेली होती, मास्तर. आतून तुटली होती. जुनं काहीच वाचवता आलं नाही. नवी भरली."

मास्तरांनी तळहात तारांवरून उचलला. मग मान हलवून म्हणाले, "तू म्हणतोस म्हणजे मेलीच असणार. तुझ्या कानाच्या भरवशावर मी माझा हात तोडून देईन." त्यांनी गिटार पेटीत ठेवली आणि पेटीची खिट्टी लावली. "वय झालं तिचं. आपलं होतं, तसंच."

लेक म्हणाली, "बाबा, दुसरी घेऊ एखादी. एकच तर गाणं आहे."

"तू वाजव," मास्तर म्हणाले. "मी आता उसन्या वाद्यावर बोटं झिजवत नाही."

त्यांनी रेकॉर्डिंगमध्ये वाजवलं नाही. पुढच्या रविवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही.

महिनाभराने एका सकाळी पंख्याची मोटार उघडताना एककान्याच्या पायाखालची जमीन फिरली. दुकान गरागरा उलटं झालं. तो टेबल धरायला गेला आणि टेबलासकट खाली आला. बायको धावत आली तेव्हा तो ओकत होता आणि फरशी दोन्ही हातांनी घट्ट धरून म्हणत होता, "थांबव, थांबव."

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला काचेच्या खोलीत बसवून, हेडफोन लावून तपासलं आणि मग एक आलेख समोर ठेवला.

"वय झालं की आधी बारीक, उंच आवाज जातात. त्यामुळे लोकांची रेघ शेवटाला खाली घसरते. तुमची उलटी आहे, सुरुवातीलाच खाली. खालचे सूर गेलेत. आतल्या कानातल्या पाण्याचा दाब वाढतो. कानात घुंऽऽ होतं का?"

"ट्रान्सफॉर्मरसारखं," तो म्हणाला.

"आवाज कधी बरा, कधी पातळ?"

त्याच्या वतीने बायको म्हणाली, "हो. तीन-चार महिने झाले असतील."

"परत येईल?" त्याने विचारलं.

"गोळ्या देते. काही दिवस बरे जातील. पण खोटी आशा नाही लावणार. रस्ता उताराचाच आहे."

परतताना बसमध्ये तो एकदा स्वतःशीच हसला. "नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसं झालं बघ. मला ऐकू येईना आणि त्यांची गिटार बिघडली."

बायको हसली नाही. "मास्तरांना सांगणार आहात?"

"कानाचं? कळेलच की."

"कानाचं नव्हे," ती म्हणाली. "फळ्यावरचा आकडा मीही वाचला होता. इतक्या वर्षांत चांगल्या कॉइलचा आकडा कुठला आणि मेलेल्या कॉइलचा कुठला, एवढं मला कळायला लागलंय."

पाच दिवस त्याने टाळलं. मास्तरांनी मनाची समजूत घातली आहे, ती कशाला मोडायची, असं तो स्वतःला पटवत होता. वस्तू वयाने गेली म्हटलं की कुणावर राग उरत नाही. सांगून मिळणार काय? कॉइल काही परत येणार नाही. पण जेवताना बायको त्याच्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही, आणि ते न बोलणं त्याला चांगलं ऐकू येत होतं. सहाव्या दिवशी दुपारी तो निघाला. चक्कर येईल म्हणून तीही बरोबर आली, पण मास्तरांच्या इमारतीच्या दाराशीच थांबली. "हे तुमचं तुम्ही करा," ती म्हणाली.

मास्तर तिसऱ्या मजल्यावर राहत. दार त्यांनीच उघडलं. त्यांचा आवाज ऐकून एककान्या दचकला. मास्तरांचा आवाज घागरीतून आल्यासारखा असायचा. आता दारात कुणी परकाच माणूस नाकातून बोलत होता.

"ये. बरा आहेस? पडलास म्हणे."

तो खुर्चीवर बसला आणि त्याने पाणी प्यायच्या आधीच सांगून टाकलं. डाग सुटला होता, मीटर बरोबर सांगत होतं, कॉइल धडधाकट होती, मी चिरली, विचारलं नाही आणि मग खोटं बोललो. कानाचंही सांगितलं, पण शेवटी, आणि थोडक्यात.

मास्तर खिडकीबाहेर बघत होते. खाली कुठेतरी ट्रक मागे घेत असल्याची पिपाणी वाजत होती. ती मात्र त्याला स्पष्ट ऐकू येत होती.

"हात लावू नकोस म्हटलं होतं," मास्तर म्हणाले.

"हो."

"मेली म्हणालास, तेव्हा मी तिचं सुतक पाळून मोकळा झालो होतो रे. आज तू मारलीस."

"मास्तर, मी..."

"थांब." मास्तर उठले. कपाटातून त्यांनी एक जुनी कॅसेट काढली, कपाटावरचा टेपरेकॉर्डर खाली घेतला. "चाळीस वर्षांत मी एकट्याने वाजवलेलं एवढंच आहे. नाचाचा हॉल रिकामा झाल्यावर मला शिकवणाऱ्या त्या जहाजवाल्याने टेप केलं होतं. ऐक आणि सांग, काय मारलंस ते."

त्यांनी बटण दाबलं.

एककान्याने मान वळवून उजवा कान टेपजवळ नेला. टेपची सळसळ आली. मग बोटं तारांवर आपटल्याची टकटक, बोटं सरकल्याची चरचर, कुणाचं तरी खोकणं. मध्ये सूर असायला हवे होते. जिथे असायला हवे होते तिथली जागाही त्याला कळत होती, कारण मास्तरांचं डोकं तिथे तिथे हलत होतं. त्याने डोळे मिटले, हाताने कान पुढे ओढला. घुंऽऽ आणि टकटक, याखेरीज काही नाही.

"आला?" मास्तरांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "हा शेवट बघ, हा, खरखर आली बघ. आली ना?"

हो म्हणणं फार सोपं होतं. "नाही, मास्तर," तो म्हणाला. "नुसती टकटक येतेय."

मास्तरांनी बटण दाबून टेप बंद केला. एककान्या जायला उठला आणि उठताक्षणी भिंत तिरकी झाली. त्याने दाराची चौकट पकडली. "होईल बरं," तो म्हणाला. "बसलो की जातं."

"खाली कोण आहे?"

"बायको."

मास्तरांनी पायात चपला सरकवल्या आणि त्याचा दंड धरला. चाळीस वर्षं जाड तारा दाबलेली ती बोटं त्याच्या दंडात इतकी रुतली की दुखलं. तीन मजले ते एकेक पायरी उतरले. वळणावर त्याचा तोल गेला की मास्तर थांबत, त्याला भिंतीशी टेकवत आणि पुन्हा निघत.

दाराशी बायको उभी होती. मास्तरांनी त्याचा हात तिच्या हातात दिला. "सांभाळा," ते तिला म्हणाले, आणि वर निघून गेले.

त्यानंतर ते दोघे भेटले नाहीत. मास्तरांच्या लेकीने गिटारीला बाजारातलं नवं पिकअप बसवून घेतलं, आणि ते बरं वाजतं असं दाताच्या डॉक्टरने कुणाकडून तरी ऐकलं. खर्जमंडळ एक-दोन रविवार जमलं, पण वाद मिटवायला कुणी नव्हतं, तेव्हा वादही रंगेनात. एककान्या अजून मोटारी भरतो. त्यांना कान लागत नाही, मीटर पुरतं. मोटार चालू केल्यावर तिचा आवाज कसा येतोय, हे तो बायकोला विचारतो, आणि ती सांगेल ते फळ्यावर लिहितो.